‘गौण’ वनोपज : सातपुड्याच्या संदर्भात एका पारिभाषिक शब्दाची चिकित्सा

तापीच्या दक्षिणेस वसलेल्या वरणगावाहून उत्तरेकडे निघाले, की नदी ओलांडल्यावर रावेर आणि यावल तालुक्यांतील केळीच्या बागा लागतात आणि त्या संपतात न संपतात तोच सातपुड्याची चढण सुरू होते. मैदान व डोंगर यांतील अंतर येथे थोड्या कोसांचेच आहे. तथापि या दोन भूमींची सरकारदफ्तरी जी नोंद झाली आहे तिच्यातील अंतर फार मोठे आहे. मैदानातील प्रत्येक बांधाला, विहिरीला व झाडाला सातबाराच्या उताऱ्यावर स्थान आहे. पीक कोणते, ते कोणाचे, पाणी कोठले, हे तेथे लिहिलेले असते. डोंगर चढू लागले म्हणजे या साऱ्या तपशिलाच्या जागी एकच शब्द येतो, तो म्हणजे ‘वन’. त्या वनात पिढ्यानपिढ्या राहणाऱ्या माणसांनी तेथून जे जे आणले, त्याला ‘गौण वनोपज’ असे नाव शासनाने दिले आहे. डोंगरातील आदिवासींचे वनावलंबन आणि त्या अवलंबनाचे टिकाऊपण हा विषय सामान्यतः अर्थशास्त्राचा किंवा वनशास्त्राचा मानला जातो. प्रस्तुत लेखात त्याचा विचार शब्दांच्या बाजूने करावयाचा आहे. कारण या प्रदेशात कोणाला काय मिळाले व काय मिळाले नाही, हे पुष्कळ वेळा व्याख्येच्या एका शब्दावर ठरत आले आहे.

प्रथम प्रदेशाची व माणसांची ओळख थोडक्यात करून घेतली पाहिजे. जुन्या खानदेशाचे आज जळगाव, धुळे आणि १९९८ साली धुळ्यातून वेगळा झालेला नंदुरबार असे तीन जिल्हे आहेत. यांच्या उत्तर सीमेवर सातपुडा पसरलेला आहे. साक्री व नवापूर या तालुक्यांत सह्याद्रीचे उत्तरेकडील फाटे येतात. या डोंगराळ पट्ट्यात भिल्ल, पावरा, तडवी, मावची, कोकणा अशा अनेक जमाती आहेत. त्यांना सरसकट ‘भिल्ल’ म्हणण्याची मैदानी सवय शास्त्रीय दृष्ट्या टिकणारी नाही. चोपडा-यावलपासून अक्राणीपर्यंत वस्ती असलेले पावरे, यावल-रावेरकडील धर्माने मुसलमान असलेले तडवी आणि साक्रीकडील कोकणा यांच्या बोली, चालीरीती व वनाशी असलेले संबंध वेगवेगळे आहेत. त्यांना जोडणारा समान धागा एकच. हलक्या, उताराच्या, पावसावर अवलंबून असलेल्या जमिनीतून या कुटुंबांचे वर्षभर भागत नाही आणि उरलेले वर्ष वनाच्या आधारावर काढावे लागते.

हे ‘उरलेले वर्ष’ म्हणजे काय, हे नीट पाहिले पाहिजे. फाल्गुनाच्या अखेरीस मोहाची फुले गळू लागतात. पहाटे झाडाखाली जाऊन ती वेचावयाची, उन्हात वाळवावयाची आणि कणगीत भरावयाची. मोहाच्या फुलांची दारू होते, एवढेच मैदानातील सुशिक्षितास ठाऊक असते. परंतु वाळलेले मोहफूल हा प्रथमतः साठवणीचा खाद्यपदार्थ आहे. ते उकडून, भाजून, धान्यात मिसळून खाल्ले जाते, गुरांना घातले जाते, आणि बाजारात त्याच्या बदल्यात मीठ-धान्य घेता येते. धान्याची कणगी रिकामी होण्याच्या सुमारासच ही दुसरी कणगी भरते, हा योगायोग लक्षात घेण्याजोगा आहे. याच वेळी चारोळी पिकते. वैशाखात टेंभुर्णीची पाने तोडण्याचा हंगाम येतो आणि तो अवघ्या काही आठवड्यांचा असला तरी हाती रोकड पैसा देणारा असतो. पावसाळ्याच्या तोंडावर मोहाची फळे येतात. त्यांतील बियांना कोठे टोळंबी, कोठे डोळी म्हणतात, व त्यांचे तेल काढतात. पाऊस पडला म्हणजे टाकळा, कुरडू, करटोली, बांबूचे कोंब, नाना प्रकारचे कंद यांचे दिवस सुरू होतात. शेतातील पीक उभे आहे, पण घरात दाणा नाही, अशा त्या दोन-अडीच महिन्यांत चुलीवरचे भांडे रानभाज्यांवर चालते. पुढे गवत, मग थंडीत व उन्हाळ्यात धावडा-सालईचा डिंक, आणि बारमाही सरपण, कुडासाठी काठ्या, टोपल्यांसाठी बांबू. अक्राणीच्या डोंगरात आंब्याच्या कैऱ्या सोलून वाळवून केलेला आमचूर हाही मोठ्या उलाढालीचा माल आहे. हे सारे अपुरे पडले, म्हणजे दिवाळीनंतर कुटुंबे ऊसतोडीसाठी गुजरातेत उतरतात. वन जितके आटते तितके हे स्थलांतर लांबते.

आता या सगळ्या वस्तूंना ‘गौण’ म्हणावयाचे, ते कोणाच्या दृष्टीने? संस्कृत शास्त्रपरंपरेत ‘मुख्य’ आणि ‘गौण’ ही सापेक्ष पदे आहेत. व्याकरणात द्विकर्मक धातूंचे मुख्य कर्म व गौण कर्म असते. अलंकारशास्त्रात मुख्यार्थाचा बाध झाल्यावाचून गौणार्थ घेता येत नाही. म्हणजे कशास तरी मुख्य ठरविल्याशिवाय दुसरे गौण ठरत नाही. वनविषयक परिभाषेत मुख्य ठरले ते इमारती लाकूड. एकोणिसाव्या शतकात जहाजे, पूल आणि रेल्वेचे स्लीपर यांसाठी सागाची गरज पडली आणि ज्या वृक्षापासून हे मिळते तो वन-महसुलाचा केंद्रबिंदू झाला. उरलेल्या सर्व वस्तूंना इंग्रजीत जे दुय्यमत्वदर्शक विशेषण मिळाले, त्याचे मराठी रूप ‘गौण’. हिंदीत त्याच संज्ञेसाठी ‘लघु’ हा शब्द रूढ झाला. दोन्ही अनुवाद एकाच मूळ शब्दाचे असले तरी त्यांचा अर्थ सारखा नाही. लघु म्हणजे आकाराने लहान. लहान वस्तू महत्त्वाची असू शकते. गौण म्हणजे महत्त्वानेच खालची. मराठी परिभाषाकारांनी येथे अधिक कठोर शब्द निवडला, असे म्हणणे भाग आहे. महसूल खात्यात वाळू-मुरुमाला ‘गौण खनिज’ म्हणतात त्याच साच्यात हाही शब्द बसला. अलीकडे ‘अकाष्ठ वनोपज’ असे म्हणण्याची प्रथा पडली आहे. ती विनम्र दिसते, पण तिच्यातही वस्तूची ओळख ‘जे लाकूड नव्हे ते’ अशी निषेधानेच होते. ज्या घरात वर्षाकाठी सागाची एक फळीही येत नाही आणि मोहाच्या चार पाट्या येतात, त्या घराच्या दृष्टीने हे वर्गीकरण उफराटे आहे.

(प्रसंगवश येथे ‘जंगल’ या शब्दाचीही आठवण होते. आयुर्वेदात ‘जांगल’ देश म्हणजे कोरडा, विरळ झाडीचा, मोकळा प्रदेश. पाणथळ व दाट प्रदेशास ‘आनूप’ म्हणत. आज जंगल म्हटले, की डोळ्यांपुढे दाट अरण्य येते. शब्द तोच राहून अर्थ जवळजवळ उलट व्हावा, याचे हे बोलके उदाहरण होय.)

कायद्याच्या मजकुराकडे वळले असता हा प्रश्न केवळ नावाचा नाही, हे स्पष्ट होते. १८७८ च्या वन अधिनियमाने राखीव आणि संरक्षित वनांची जी चौकट घातली, तीच १९२७ च्या भारतीय वन अधिनियमाने पुढे चालविली. या १९२७ च्या अधिनियमात ‘गौण वनोपज’ या संज्ञेची व्याख्याच नाही. व्याख्या आहे ती ‘वनोपज’ या शब्दाची, आणि ती दोन भागांत विभागलेली आहे. दुसऱ्या भागात पाने, फुले, फळे, गवत, वेली इत्यादी वस्तू येतात; त्या वनात सापडल्या किंवा वनातून आणल्या तरच वनोपज ठरतात. पहिल्या भागातील वस्तू मात्र वनातून आणलेल्या असोत वा नसोत, वनोपजच. या पहिल्या भागात लाकूड, कोळसा, लाख, राळ, हिरडा यांच्या पंक्तीला मोहाची फुले आणि मोहाच्या बिया बसविल्या आहेत. याचा अर्थ असा, की स्वतःच्या शेताच्या बांधावरील, आजोबांनी राखलेल्या मोहाखाली वेचलेली फुलेही कायद्याच्या भाषेत वनोपज झाली. त्यात दारूबंदीच्या कायद्याची भर पडली. १९४९ च्या मुंबई दारूबंदी अधिनियमान्वये मोहफुलांचा संग्रह व वाहतूक यांवर नियंत्रणे आली. महाराष्ट्रात ती शिथिल होण्यास २०२१ साल उजाडावे लागले. साठवणीच्या अन्नावर गुन्ह्याची छाया सात दशके राहिली, असेच याचे वर्णन करावे लागेल.

बांबूची कथा तर शब्दशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी मुद्दाम अभ्यासावी अशी आहे. वनस्पतिशास्त्रानुसार बांबू हे गवत आहे. १९२७ च्या अधिनियमाने ‘वृक्ष’ या शब्दाच्या व्याख्येत ताड, बांबू, खुंट, झुडपे व वेत यांचा समावेश केला. बांबू वृक्ष ठरला, म्हणून तोडलेला बांबू लाकूड ठरला. आणि लाकूड ठरल्यामुळे तो ‘गौण’ उरला नाही. २००६ च्या वनहक्क अधिनियमाने बांबूचा समावेश गौण वनोपजात केला, तरी वनखाते जुन्या व्याख्येला धरून राहिले. गडचिरोली जिल्ह्यातील मेंढा (लेखा) या गावास २००९ साली सामूहिक वनहक्क मिळाला. परंतु आपला बांबू विकण्यासाठी लागणारा वाहतूक परवाना ग्रामसभेच्या हाती येण्यास २०११ उजाडले, आणि त्यासाठी केंद्रीय मंत्री जयराम रमेश यांना त्या गावी जावे लागले. पुढे २०१७ साली १९२७ च्या व्याख्येतून ‘बांबू’ हा शब्द वगळण्यात आला. परंतु या दुरुस्तीचा लाभ वनाबाहेर, म्हणजे खाजगी शेतात लावलेल्या बांबूपुरता आहे. वनातून आणलेला बांबू आजही वनोपज आहेच. एक शब्द काढल्याने शेतकऱ्याचा बांबू सुटला. डोंगरातील टोपल्या विणणाऱ्याचा बांबू सुटावयाचा तर त्याला वनहक्काचीच वाट धरावी लागते.

टेंभुर्णीच्या बाबतीत वेगळ्या प्रकारचा अर्थसंकोच दिसतो. मराठीत हा वृक्ष टेंभुर्णी किंवा टेमरू या नावांनी ओळखला जातो आणि त्या नावांत त्याचे गोड फळ, टेंभर, गृहीत आहे. विडीचा धंदा वाढल्यावर ‘तेंदूपत्ता’ हा हिंदी शब्द व्यापाराबरोबर आला आणि १९६९ च्या महाराष्ट्र वनोपज (व्यापाराचे विनियमन) अधिनियमाने तेंदूपानांचा व्यापार राज्याच्या नियंत्रणाखाली आणल्यावर तो मराठी दफ्तरात स्थिरावला. फळ खाणारा, सावलीत बसणारा, लाकूड वापरणारा जो माणूस होता, तो या परिभाषेत ‘पाने तोडणारा मजूर’ झाला. वृक्षाला त्याच्या विक्रेय भागाचे नाव पडले आणि त्याबरोबर माणसाचाही दर्जा बदलला. वनाच्या उत्पन्नाचा धनी आणि वनातील मजूर या दोन दर्जांमधील फरक हाच या सर्व वादाचा गाभा आहे, असे आमचे मत आहे.

हा दर्जा कायद्याने बदलण्याचा पहिला प्रयत्न १९९६ च्या पंचायत (अनुसूचित क्षेत्रांवरील विस्तार) अधिनियमात दिसतो. अनुसूचित क्षेत्रातील ग्रामसभांना गौण वनोपजाची मालकी द्यावी, असे त्यात म्हटले. मात्र गौण वनोपज म्हणजे काय, हे त्याने सांगितले नाही. ही पोकळी भरताना महाराष्ट्राने १९९७ साली केलेल्या अधिनियमात जी यादी जोडली, तिच्यातून नेमके बांबू आणि तेंदूपान हे दोन किमती जिन्नस बाहेर राहिले. ते आत येण्यास २०१४ ची राज्यपालांची अधिसूचना लागली. चोपडा, यावल व रावेर तालुक्यांतील काही गावे, शिरपूर व साक्री तालुक्यांचे काही भाग आणि नंदुरबार जिल्ह्याचा बराचसा भाग अनुसूचित क्षेत्रात येतो. तेव्हा हा इतिहास खानदेशच्या डोंगराळ पट्ट्याचाही आहे.

२००६ च्या वनहक्क अधिनियमाने प्रथमच गौण वनोपजाची वैधानिक व्याख्या केली. वनस्पतिजन्य असे सर्व अकाष्ठ वनोपज, असे म्हणून तिच्यात बांबू, झुडपे, खुंट, वेत, टसर, कोश, मध, मेण, लाख, तेंदूपाने, औषधी वनस्पती, मुळे, कंद इत्यादी गणले आहेत. मध, मेण, लाख आणि रेशमाचे कोश यांस ‘वनस्पतिजन्य’ म्हणणे प्राणिशास्त्रज्ञास रुचणार नाही. परंतु वेचणाऱ्याच्या दृष्टीने ते झाडावरूनच येतात, आणि येथे कायद्याने नकळत का होईना वेचणाऱ्याची दृष्टी पत्करली आहे. नियमांतही असाच एक बोधप्रद बदल झाला. २००८ च्या नियमांत वनोपज डोक्यावरून, सायकलीवरून किंवा हातगाडीवरून नेण्याची मुभा होती. माल हाताने ओढण्याइतकाच असावा, म्हणजे तो निर्वाहापुरता आहे अशी खात्री पटते, हा त्यामागील समज. २०१२ च्या दुरुस्तीने ‘योग्य त्या वाहनाने’ असे शब्द आले, वाहतूक परवाना देण्याचे काम ग्रामसभेच्या समितीकडे गेले आणि शुल्क माफ झाले. गरिबाने गरीबच दिसले पाहिजे, ही अट तेथे सुटली.

मालकी मिळाली म्हणजे वन आपोआप टिकते, असे मात्र समजू नये. आदिवासी हा स्वभावतःच निसर्गपूजक, त्याच्या हातून वनाची हानी होणे शक्य नाही, असे एक गोड मत शहरी लेखनात आढळते. आणि आदिवासी म्हणजे वनाचा शत्रू, असे दुसरे कडू मत जुन्या वनदफ्तरात आढळते. दोन्ही मते निरीक्षणावाचून बनलेली आहेत. मोहाची फुले पाचोळ्यात हरवू नयेत म्हणून झाडाखालचा पाचोळा पेटविण्याची रीत आहे. ती आग आवरली नाही तर रान पेटते, आणि आवरली तरी मोहाची कोवळी रोपे जळतात. जुने वृक्ष फुलत राहतात, त्यांची जागा घेणारे नवे उगवत नाहीत. चारोळीचे उदाहरण याहून शिकविणारे आहे. पूर्ण पिकलेल्या चारोळीस भाव अधिक मिळतो, हे प्रत्येक वेचणाऱ्यास ठाऊक असते. तरीही ती हिरवी असताना ओरबाडली जाते, प्रसंगी फांदीच तोडली जाते. कारण आज आपण थांबलो तर उद्या दुसरा नेईल. डिंकासाठी सालई-धावड्याला खोल घाव घालण्यामागेही हेच कारण आहे. यात अज्ञान नाही. ज्या वस्तूवर आपला हक्क उद्या राहील याची हमी नाही, ती आजच घेऊन टाकणे, हा हिशेब कोणीही करील.

गॅरेट हार्डिन याने १९६८ साली सामायिक कुरणांच्या विनाशाविषयी जो सिद्धान्त मांडला, तो या वर्तनास लागू पडतो असे वरवर दिसते. परंतु एलिनॉर ऑस्ट्रॉम हिने १९९० च्या आपल्या ग्रंथात दाखविले, की हार्डिनचे कुरण हे सामायिक नव्हतेच. ते बेवारशी होते. सामायिक मालमत्तेला हद्द असते, वाटेकरी ठरलेले असतात, नियम आणि दंड असतात, व ते वाटेकऱ्यांनीच केलेले असतात. मराठीत ‘सामायिक’ आणि ‘बेवारशी’ हे दोन शब्द स्पष्टपणे वेगळे आहेत. सामायिक विहीर आणि बेवारशी विहीर यांतील भेद खानदेशातील कोणत्याही शेतकऱ्यास समजावून सांगावा लागत नाही. सातपुड्यातील वनाचे दुर्दैव असे, की शासनाने ते आपले म्हणून घोषित केल्यावर गावाच्या लेखी ते सामायिक राहिले नाही, आणि शासनाचा पहारा प्रत्येक झाडापाशी पोहोचणे शक्य नसल्याने व्यवहारात ते बेवारशी झाले.

याच्या उलट टोकाचे उदाहरण धुळे जिल्ह्यातच आहे. साक्री तालुक्यातील बारीपाडा हे कोकणा वस्तीचे लहान गाव. १९९० नंतरच्या दशकात, भोवतालचे रान उजाड झालेले असताना, चैत्राम पवार यांच्या पुढाकाराने या गावाने वन राखण्याचे ठरविले. नियम गावाने केले. झाड तोडणाऱ्यास दंड, रानात बैलगाडी न्यावयाची नाही, राखणीची पाळी. वर उल्लेखिलेल्या नियमांतील हातगाडीची अट आणि बारीपाड्याची बैलगाडीबंदी या दिसावयास सारख्या आहेत. पण पहिली बाहेरून लादलेली, दुसरी आपण होऊन स्वीकारलेली. सुमारे चारशे हेक्टर वन या गावाने पुन्हा उभे केले. झरे, विहिरी यांचे पाणी टिकू लागले व त्यापाठोपाठ शेती सुधारली. चैत्राम पवार यांना २०२५ साली पद्मश्री मिळाल्याने हे काम सर्वत्र माहीत झाले आहे. भाषाभ्यासकास मात्र बारीपाड्यातील आणखी एक गोष्ट महत्त्वाची वाटेल, ती म्हणजे तेथे भरणारी वनभाज्यांची पाककला स्पर्धा. गावोगावच्या स्त्रिया रानातील भाज्या रांधून आणतात आणि प्रत्येकीला भाजीचे नाव, ती कोठे मिळते व कशी शिजवावयाची हे सांगावे लागते. कोणत्याही विद्यापीठाने न केलेले वनस्पतिनामांचे सर्वेक्षण तेथे बिनबोभाट होत असते, आणि त्या नावांबरोबर कोणता भाग खुडावयाचा, कोणता ठेवावयाचा हे ज्ञानही हस्तांतरित होते. ज्या भाजीचे नाव मुलीला ठाऊक नाही, ती भाजी तिच्या दृष्टीने तण असते.

बारीपाड्याचे उदाहरण सर्वत्र जसेच्या तसे लागू होत नाही, हेही सांगितले पाहिजे. एकजिनसी, लहान वस्तीचे गाव आणि खंबीर नेतृत्व तेथे होते. यावल-चोपड्याकडील सातपुड्यात परिस्थिती निराळी आहे. तेथे १९६९ साली यावल अभयारण्य झाले. त्याच्या परिसरात लंगडा आंबा, जामन्या, गाडऱ्या यांसारखे पाडे आहेत. राज्याची सीमा जवळ, नवीन-जुन्या वसाहतींचे परस्परसंबंध ताणलेले, आणि शेतीसाठी वन साफ करण्याचा प्रश्न धगधगता. वनहक्क अधिनियम १३ डिसेंबर २००५ पूर्वीच्या ताब्यालाच मान्यता देतो. त्यानंतरच्या तोडीला त्याचा आधार नाही, आणि जुन्या हक्कदारांच्या न्याय्य मागणीला नव्या तोडीमुळे बट्टा लागतो. हा भेद करणे वनखात्याला, संघटनांना आणि ग्रामसभांना सारखेच कठीण गेले आहे.

येथेही शब्दांचा झगडा आहेच. वनातील अशा शेताला दफ्तरात ‘अतिक्रमण’ म्हणतात. नर्मदाकाठच्या भिलाली बोलीत त्याच शेताला ‘नेवाड’ म्हणतात. ‘नवे’ या अर्थाशी त्याचा संबंध सहज जाणवतो. एका शब्दात सीमेचे उल्लंघन आहे, दुसऱ्यात नवी लागवड. सरदार सरोवरामुळे महाराष्ट्रातील अक्राणी-अक्कलकुवा भागातील ३३ गावे बाधित झाली, तेव्हा या शब्दभेदाचे मोल कळून आले. १९७९ च्या नर्मदा लवादाच्या निवाड्यात जमिनीच्या बदल्यात जमीन मिळण्याचा हक्क नोंदलेल्या धारणेशी जोडला होता. ज्याचे शेत नेवाड, तो दफ्तराच्या लेखी अतिक्रमक किंवा भूमिहीन; आणि मोह, चारोळी, गवत, मासळी यांच्या रूपाने जे उत्पन्न बुडाले, त्याला तर नुकसानभरपाईच्या तक्त्यात रकानाच नव्हता. गौण वस्तूंचा हिशेब कोण ठेवतो?

आता ज्या मुद्द्यासाठी हा लेख विभागाच्या पत्रिकेत लिहिला, त्याकडे येतो. वनहक्काच्या दाव्यास पुरावा काय लागतो, हे २००८ च्या नियमांतील तेराव्या नियमात सांगितले आहे. त्यात शासकीय कागदपत्रे, नकाशे, जुनी बांधकामे यांबरोबरच वडीलधाऱ्यांचे लेखनिविष्ट केलेले जबाब ग्राह्य मानले आहेत. सामूहिक हक्कासाठी तर कंदमुळे, चारा, रानफळे गोळा करण्याच्या जागा, पाणवठे, पवित्र वृक्ष, देवराया, दफनभूमी यांचा पुरावा देता येतो. हा पुरावा मुख्यतः मौखिक आहे. तो स्थलनामांत, वृक्षनामांत आणि आठवणींत साठलेला असतो. एखाद्या नाल्याला, टेकाडाला, झाडांच्या समूहाला पाड्यातील लोकांनी दिलेले नाव हे त्यांच्या वापराचे साक्षीदार असते.

परंतु हा साक्षीदार बोलतो पावरी, भिली, मावची किंवा कोकणी बोलीत. जबाब लिहिला जातो मराठीत. लिहिणारा बहुधा शिक्षक, ग्रामसेवक किंवा कार्यकर्ता असतो. पाच-सहा वेगवेगळ्या नावांनी सांगितलेल्या जागा लेखी जबाबात ‘जंगलात’ या एकाच शब्दात विरघळून जातात. वेगवेगळ्या ऋतूंत, वेगवेगळ्या कुटुंबांनी, वेगवेगळ्या नियमांनी गोळा केलेल्या वस्तूंच्या जागी ‘इत्यादी गौण वनोपज’ असे लिहिले जाते. पुढे उपविभागीय किंवा जिल्हा समितीपुढे तो दावा मोघम म्हणून परत येतो. दावेदार मोघम बोललेला नसतो. मोघमपणा भाषांतरात शिरतो. कायद्याने मौखिक पुराव्याला दार उघडले, पण त्या दारातून आत येताना बोलीला आपला तपशील बाहेर ठेवावा लागतो.

या बोलींचा अभ्यास अगदीच झालेला नाही असे नाही. ग्रिअर्सनच्या भारतीय भाषासर्वेक्षणाच्या नवव्या खंडाचा तिसरा भाग १९०७ साली प्रसिद्ध झाला. त्यात भिल्ली बोली व खानदेशी यांचा एकत्र विचार आहे. परंतु त्या सर्वेक्षणाचा भर ठरावीक कथेच्या रूपांतरावर व व्याकरणाच्या रूपांवर होता. वनाचा शब्दसंग्रह त्यात फारसा येत नाही. जनगणनेत भिली/भिलोडी या एका शीर्षकाखाली पावरी, मावची, कोकणा, तडवी, वसावा अशा अनेक मातृभाषा एकत्र केल्या जातात. २०११ साली या शीर्षकाखाली एक कोटीहून अधिक भाषक नोंदले गेले. एवढा मोठा भाषकसमूह आठव्या अनुसूचीबाहेर आहे. यामुळे शासनव्यवहारात या बोलींतून दुभाषी, अर्ज किंवा शब्दावली उपलब्ध नसते.

पदव्युत्तर विद्यार्थी क्षेत्रकार्यासाठी सातपुड्यात जातात तेव्हा ते बहुधा नातेवाचक शब्द, अंक, शरीरावयव आणि क्रियारूपे यांच्या याद्या करून आणतात. या याद्यांचे मोल आहेच. तथापि वनवस्तूंचा शब्दसंग्रह करताना नुसते ‘मोह’ आणि त्याचा बोलीतील प्रतिशब्द एवढ्यावर थांबू नये. झाडाला एक नाव, फुलाला दुसरे, वाळलेल्या फुलाला तिसरे, बीला चौथे असेल तर चारही टिपावीत; कारण जेथे नावे वेगळी असतात तेथे उपयोग आणि पुष्कळदा हक्कही वेगळा असतो. कोणत्या झाडाखाली कोण वेचतो, हे सांगणारे शब्द असतात. उभा वृक्ष सरकारी रानात असला तरी त्याखालची फुले अमक्या घराची, असा संकेत अनेक पाड्यांत पाळला जातो. सामूहिक श्रमाच्या ‘लाह’ या प्रथेसारखे शब्द, थांबण्याचे व तोडण्याचे दिवस दर्शविणारे शब्द, देवाच्या नावाने न तोडावयाच्या झाडांचे शब्द, यांची नोंद त्या त्या जागेच्या नावासह व्हावी. शब्दाच्या शेजारी तो सांगणाऱ्याचे अंदाजे वय, ऋतू आणि जागा लिहिण्यास एक ओळ पुरते. सांगणाऱ्याचे शब्द त्याच्या बोलीत देवनागरीत प्रथम लिहावेत, मराठी भावार्थ त्याखाली द्यावा, आणि नोंदीची एक प्रत त्या ग्रामसभेच्या वनहक्क समितीकडे ठेवावी. रूढी व परंपरा यांविषयीच्या संशोधनाचाही तेराव्या नियमाने पुराव्यांत समावेश केला असल्यामुळे अशी वही उपविभागीय समितीपुढे जबाबाला जोडता येते. विभागाच्या क्षेत्रकार्याच्या प्रश्नावलीत यासाठी सध्या दोन रकाने कमी आहेत : एक वस्तू कोणी वेचावयाची याचा, दुसरा ती कोठली याचा.